वाचकाने उघडलं की विकत घेतलं: ही ई-पुस्तक योजना तालुक्याच्या कॉलेजला परवडते का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. हिंगोली जिल्ह्यात तालुक्याच्या गावचं अनुदानित कॉलेज, कला-वाणिज्य-विज्ञान तिन्ही शाखा, आणि नव्याने रुजू झालेले ग्रंथपाल. एका पुरवठादाराने प्राचार्यांना योजना सांगितली: दोन लाख रुपये आगाऊ भरा, आम्ही काही हजार ई-पुस्तकांच्या नोंदी तुमच्या ओपॅकमध्ये, म्हणजे ग्रंथालयाच्या संगणकीय यादीत, टाकतो, विद्यार्थी आणि प्राध्यापक जे पुस्तक उघडून वाचतील तेवढंच तुमच्या नावावर विकत घेतलं जाईल. प्राचार्यांना कल्पना आवडली आहे. ग्रंथपालांना मात्र धास्ती आहे की पोरं काहीही उघडत सुटतील आणि पैसे महिन्याभरात संपतील. घ्यावं की नाही?

नांदेड-लातूर भागातल्या कॉलेज ग्रंथालयांत माझी नोकरी गेली. ही योजना मी चालवूनही पाहिली आहे आणि दुसऱ्या ठिकाणी समितीसमोर नाकारूनही. त्यामुळे दोन्ही बाजू सांगू शकतो.

पोरं काहीही उघडतील ही भीती आधी बाजूला ठेवू, कारण ती मला सगळ्यात कमी वाटते. आपण, म्हणजे ग्रंथपाल आणि समितीने, निवडलेल्या पुस्तकांचं काय होतं ते बघा. अमेरिकेत पिट्सबर्ग विद्यापीठाचा १९७९ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास आमच्या विषयात सगळे वाचतात. त्या ग्रंथालयाने १९६९ मध्ये घेतलेल्या पुस्तकांपैकी जवळपास ४० टक्के पुस्तकं पहिल्या सहा वर्षांत एकदाही कुणी घरी नेली नव्हती. ती सगळी जाणकारांनी निवडलेली होती. आपल्याकडे तर अनुदान फेब्रुवारीत हातात पडतं आणि ३१ मार्चच्या आत संपवायचं असतं, तेव्हा संचच्या संच घेतले जातात. तुमच्या मागच्या रॅकमधली पुस्तकं काढून शेवटच्या पानावरची तारखेची चिठ्ठी बघा. कितीतरी कोऱ्या निघतील.

उलट बाजूचा पुरावाही आहे. पर्ड्यू विद्यापीठाच्या ग्रंथालयाने २००० साली एक साधी गोष्ट सुरू केली. दुसऱ्या ग्रंथालयातून उसनं आणून द्या म्हणून वाचकाने मागितलेलं पुस्तक ठरलेल्या किमतीत बसत असेल, तर उसनं न आणता सरळ विकत घ्यायचं. पुढे तपासलं तेव्हा ही पुस्तकं एरवीच्या खरेदीपेक्षा जास्त फिरलेली दिसली, आणि विषयतज्ज्ञांनीही त्यातली बहुतेक ग्रंथालयाला शोभतील अशीच ठरवली. रंगनाथनांचे ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम १९३१ पासून आपण पाठ करतो, त्यातला दुसरा प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं असं सांगतो. तेव्हा वाचकाने निवडावं यात मला काही वावगं दिसत नाही.

अडचण वेगळ्या ठिकाणी आहे. वाचक निवडतो ते पुरवठादाराने समोर ठेवलेल्या यादीतून, आणि 'निवडलं' कशाला म्हणायचं हेही पुरवठादारच ठरवतो. या दोन गोष्टी नीट तपासल्या तर योजना चांगली आहे. न तपासता सही केली तर दोन लाख कुठे गेले ते तुम्हाला वर्षअखेरच्या अहवालातच कळेल.

दुसरी गोष्ट आधी घेतो, कारण पैसे तिथे झिरपतात. पुस्तक विकत घेतलं गेलं असं नक्की कधी मानायचं? कंपनीगणिक नियम वेगळे आहेत. कुठे पाच मिनिटं वाचलं की खरेदी, कुठे दहा मिनिटं किंवा दहा पानं. मुखपृष्ठ, अनुक्रमणिका, शेवटची सूची ही पानं सहसा मोजत नाहीत. डाउनलोड, प्रिंट किंवा मजकूर कॉपी केला की मात्र त्या क्षणी खरेदी होते. विद्यार्थ्याला यातलं काहीच दिसत नाही. आपण कॉलेजचे पैसे खर्च केले हे त्याच्या गावीही नसतं, आणि ते तसंच असावं, नाहीतर बिचारा पुस्तक उघडायलाच भिईल.

काही कंपन्या मधला टप्पा देतात, अल्पमुदतीचं भाडं. पहिल्या दोन-तीन वापरांना किमतीच्या काही टक्के द्यायचे, त्यानंतरच्या वापराला पूर्ण किंमत. ऐकायला स्वस्त वाटतं. पण भाड्याच्या ट्रॅक्टरसारखं आहे हे: तीनदा नांगरट करून घेतली म्हणून मालक ते भाडं ट्रॅक्टरच्या किमतीतून वजा करत नाही. धरा, पुस्तक ८,००० रुपयांचं आहे आणि भाडं १५ टक्के. तीन वापरांचे ३,६०० गेले, चौथ्याला पूर्ण ८,०००. पुस्तक पडलं ११,६०० ला. आता हेही खरं की बहुतेक पुस्तकं चौथ्या वापरापर्यंत पोचतच नाहीत, म्हणून एकूण हिशेब भाड्याच्या बाजूने झुकू शकतो. मात्र टक्के किती हे प्रकाशक ठरवतो. २०१४ मध्ये कितीतरी शैक्षणिक प्रकाशकांनी हे दर एकदम वाढवले आणि जगभरच्या ग्रंथालयांचे अंदाज कोलमडले. म्हणून दर वर्षभर बदलणार नाहीत, हे करारात लिहून घ्या.

८,००० हा आकडा मी उदाहरणाला घेतला असला तरी हवेतला नाही. परदेशी प्रकाशकांची संशोधनपर ई-पुस्तकं १०० डॉलरच्या आगेमागे सर्रास असतात, आणि तीही एका वेळी एकाच वाचकाच्या परवान्याची किंमत असते. एकाच वेळी अनेकांना वाचता यावं म्हटलं की दीडपट, दुप्पट. म्हणजे दोन लाखांत पंचवीस पुस्तकं. हा आकडा प्राचार्यांसमोर ठेवा. त्यांच्या डोक्यात 'काही हजार ई-पुस्तकं' बसलेली असतात.

पुरवठादार दर महिन्याला वापराची एक्सेल फाइल पाठवतो. आमच्याकडची फाइल कशी दिसायची ते सांगतो, म्हणजे चित्र डोळ्यांसमोर येईल. पुस्तकाचं नाव, तारीख-वेळ, किती मिनिटं, किती पानं, आणि शेवटी 'पाहिलं / भाड्याने / खरेदी / नकार'. एका ओळीत वनस्पतिशास्त्राचं एक जाडजूड पुस्तक, रात्री पावणेबाराची वेळ, सहा मिनिटं, खरेदी. पुढच्या सगळ्या फाइलींमध्ये त्या पुस्तकाचं नाव पुन्हा नाही. कुणीतरी फोनवर उघडून ठेवलं आणि झोपी गेलं, असा माझा कयास. दुसरीकडे अर्थशास्त्राच्या एका पुस्तकासमोर एकाच दुपारी ओळीने 'नकार, नकार, नकार'. सरांनी वर्गाला सेमिनारचा विषय दिला होता, सगळे एकदम त्याच प्रकरणावर गेले आणि परवाना एकाचा. आणि खरेदीच्या बहुतेक ओळी पीएच.डी. करणाऱ्या चार-दोन प्राध्यापकांच्या आणि संशोधक विद्यार्थ्यांच्या. यात गैर काही नाही, त्यांना गरज होतीच. पण योजना मांडताना नाव घेतलं होतं बी.ए.च्या पहिल्या वर्षाच्या मुलींचं, ज्या रोज वसमत-कळमनुरीकडून एसटीने येतात. त्या या फाइलीत जवळजवळ नव्हत्याच.

का नव्हत्या? यादी इंग्रजीची होती म्हणून. आपल्या भागातल्या कॉलेजांसाठी माझ्या मते हा सगळ्यात मोठा मुद्दा आहे आणि पुरवठादार तो काढत नाही. आपली कला आणि वाणिज्य शाखेची पोरं मराठीत पेपर लिहितात. त्यांना हवी असतात नव्या अभ्यासक्रमाची मराठी क्रमिक पुस्तकं, संदर्भाला मराठी ग्रंथ, आणि निम्म्याहून जास्त वेळ स्पर्धा परीक्षांची पुस्तकं. लातूर-नांदेडच्या अभ्यासिकांमध्ये एक चक्कर मारा, टेबलांवर काय उघडं आहे ते दिसेल. यातलं फार थोडं संस्थेच्या परवान्यासह ई-रूपात मिळतं. किंडलवर २०१६ पासून मराठी पुस्तकं आहेत, बुकगंगावर आहेतच, पण ती व्यक्तीने स्वतःसाठी विकत घ्यायची. कॉलेजने एक प्रत घेऊन दोनशे जणांना वाचायला द्यायची, अशी सोय त्यात नाही. कुणी 'एकच लॉगिन करून सगळ्यांना पासवर्ड देऊ' असं सुचवलं तर तिथेच थांबवा. तो परवान्याचा भंग आहे आणि उद्या सही तुमची सापडेल.

वाचकाला निवडीचं स्वातंत्र्य दिलं आणि यादीत त्याच्या भाषेतलं पुस्तकच नसलं, तर तो काहीच निवडत नाही. मग अहवालात येतं की 'विद्यार्थ्यांचा प्रतिसाद अल्प'. दोष पोरांच्या माथी.

आता काय काय परिस्थितीवर अवलंबून आहे ते बघू. तुमच्याकडे पदव्युत्तर विभाग आणि मान्यताप्राप्त संशोधन केंद्र असेल, विज्ञानाचे दोन-तीन मार्गदर्शक असतील, तर योजनेचा छोटा प्रयोग करण्यासारखा आहे. फक्त पदवीचे वर्ग असतील, तर आधी जे आहे ते वापरलं जातंय का ते तपासा. इन्फ्लिबनेट या यूजीसीच्या केंद्राची एन-लिस्ट ही ई-पुस्तकं-नियतकालिकांची वर्गणी २०१० पासून कॉलेजांसाठी आहे. अनुदानित कॉलेजला वर्षाला काही हजार रुपयांत लाखाहून जास्त ई-पुस्तकं मिळतात. मात्र विद्यार्थ्यांची यूजर खाती तयार करायचं काम कॉलेजच्याच ग्रंथपालाचं असतं, आणि पुष्कळ ठिकाणी खाती फक्त प्राध्यापकांची निघालेली असतात. हे काम अर्ध्या दिवसाचं आहे. खडगपूरच्या आयआयटीने उभारलेलं राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय तर फुकट आहे. प्राचार्य 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन'चं नाव काढतील, कारण २०२५ पासून ते सुरू झालं. त्यांना सांगा की ती नियतकालिकांची योजना आहे, पुस्तकांचा प्रश्न त्याने सुटत नाही.

फुकटचा विषय निघालाच आहे तर, महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली कितीतरी प्रकाशनं पीडीएफ करून संकेतस्थळावर ठेवली आहेत. मराठी विश्वकोश ऑनलाइन आहे. ई-साहित्य प्रतिष्ठानची पुस्तकं विनामूल्य आहेत. निवडक शंभर-दोनशे शीर्षकांच्या नोंदी स्वतः करून मार्कच्या, म्हणजे संगणकीय नोंदीच्या ठरलेल्या नमुन्याच्या, ८५६ क्रमांकाच्या फील्डमध्ये दुवा टाका. ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर सोल असो वा कोहा, ओपॅकमध्ये मुलगा 'मराठवाडा मुक्तिसंग्राम' शोधतो तेव्हा रॅकमधलं पुस्तक आणि हे दुवे एकाच यादीत दिसले पाहिजेत. याला एक रुपया लागत नाही, आणि माझ्या अनुभवात पदवीच्या पोरांनी सगळ्यात जास्त वापरलेली ई-पुस्तकं हीच.

इतकं सगळं करूनही प्रयोग करायचा ठरला, तर पुरवठादाराकडून संपूर्ण यादीची एक्सेल फाइल आधी मागा. ती चाळायला दोन दिवस लागले तरी लागू द्या. त्यातून तीन प्रकारची पुस्तकं काढून टाका. एक, ठरावीक किमतीवरची. मी ६,००० च्या वर काहीच ठेवत नसे. दोन, जुनी. विज्ञान-वाणिज्यात सात-आठ वर्षांपूर्वीची आवृत्ती कशाला हवी? इतिहास-साहित्यात मात्र ही चाळणी लावू नका. तीन, एन-लिस्टमध्ये किंवा आपल्या रॅकमध्ये आधीच असलेली. हे काम कटकटीचं आहे, कारण छापील आणि ई-आवृत्तीचे आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचे ओळख क्रमांक, वेगवेगळे असतात. आयएसबीएन जुळवून 'डुप्लिकेट नाही' असा निकाल पुरवठादार देईल, पण तो खरा धरू नका. शीर्षक आणि लेखक अकारविल्हे लावून डोळ्यांनी जुळवा.

मग कळ आपल्या हातात ठेवा. जवळपास सगळ्या कंपन्यांकडे मंजुरीची सोय असते: वाचकाने उघडलं की खरेदी न होता विनंती तुमच्याकडे येते, तुम्ही हो म्हटलं की पुढे जाते. यात वाचकाला थांबावं लागतं, हा तोटा खरा आहे. मी मधला मार्ग ठेवला होता. २,००० च्या आतलं पुस्तक आपोआप, त्यावरचं मंजुरीने, आणि मंजुरी त्याच दिवशी द्यायची. महिन्याची मर्यादाही घाला. पैसे संपले की नोंदी ओपॅकमधून काढून घेणार का, हे पुरवठादाराला आधी विचारा. नोंद दिसते आणि उघडत नाही, असं दोनदा झालं की पोरगं ओपॅककडे पुन्हा फिरकत नाही.

पैशाच्या कागदांबद्दल थोडं. आगाऊ भरलेली रक्कम म्हणजे अग्रिम, पुस्तक खरेदी झाल्याशिवाय तो ग्रंथखर्च नव्हे. ३१ मार्चला खात्यात ७०,००० शिल्लक असतील तर उपयोगिता प्रमाणपत्रात ते दाखवता येत नाहीत, आणि लेखापरीक्षक 'पुस्तकं दाखवा' म्हणणारच. म्हणून दर महिन्याला खरेदी झालेल्या शीर्षकांचं स्वतंत्र बिल घ्या, दाखल नोंदवहीत 'ई' मालिका उघडून प्रत्येकाला दाखल क्रमांक द्या, आणि परवान्याची प्रत त्याच फाइलला लावा. नॅकच्या मूल्यांकनाच्या वेळीही हीच फाइल कामाला येते. शिल्लक परत मिळणार की पुढच्या वर्षात जाणार, तेही लेखी. कराचं विसरू नका. छापील पुस्तकावर जीएसटी नाही, ई-पुस्तकावर आहे. छापील आवृत्ती असलेल्या ई-पुस्तकाचा दर जुलै २०१८ मध्ये १८ वरून ५ टक्क्यांवर आणला, छापील आवृत्ती नसेल तर तो फायदा नाही. दोन लाखांत कर धरला आहे की वर लागणार, हे कोटेशनमध्ये दिसलं पाहिजे.

'कायमची खरेदी' या शब्दांवर फार विसंबू नका. क्लॅरिव्हेट ही या धंद्यातली बडी कंपनी, प्रोक्वेस्ट तिच्याच मालकीची. तिने फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर केलं की एकेक पुस्तक कायमचं विकणं बंद करून आम्ही वर्गणीकडे जाणार. जगभरच्या ग्रंथपालांनी ओरड केल्यावर मुदत जून २०२६ अखेरपर्यंत वाढवली, निर्णय तोच राहिला. वाचकाच्या मागणीवर चालणारी खरेदी याच एकेक पुस्तक विकण्यावर उभी आहे. तुमचा पुरवठादार कुणाच्या मंचावरची पुस्तकं विकतोय आणि मंच बदलला तर आधी घेतलेल्या पुस्तकांचं काय, हे विचाराच. मुळात वर्गणीच हवी असेल तर एन-लिस्ट स्वस्त पडते.

आणखी एक पद्धत पुरवठादार सुचवेल: ठरावीक रक्कम भरायची, वर्षभर सगळा संग्रह खुला, वर्षाअखेरीस वापराचे आकडे बघून तेवढ्या रकमेची पुस्तकं आपण निवडायची. ही मला जास्त पटते, कारण शेवटचा निर्णय माणूस घेतो आणि सहा मिनिटांच्या झोपाळू वापराला किंमत मोजावी लागत नाही. पण किमान रक्कम बहुधा एकट्या तालुक्याच्या कॉलेजच्या आवाक्याबाहेर असते. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाने संलग्न कॉलेजांसाठी मिळून घेतली तर जमू शकेल. ग्रंथपालांच्या बैठकीत हा विषय काढा.

तुमच्या जागी मी असतो तर दोन लाखांपैकी चाळीस-पन्नास हजारच या योजनेत टाकले असते, तेही जुलै ते डिसेंबर, मंजुरीसह आणि फक्त पदव्युत्तर विभाग व संशोधकांसाठी. उरलेले दीड लाख 'मागा, घेतो'साठी ठेवले असते. देवघेवीच्या खिडकीवर एक जाड वही आणि सोबत गूगल फॉर्म. विद्यार्थ्याने नाव, वर्ग, पुस्तक आणि फोन नंबर लिहायचा. ५०० रुपयांच्या आतलं, रॅकमध्ये नसलेलं पुस्तक समितीची वाट न बघता स्थानिक विक्रेत्याकडून आठवड्याच्या आत आणायचं आणि मागणाऱ्यालाच पहिल्यांदा द्यायचं. यासाठी समितीचा एक ठराव जूनमध्येच करून घ्या: रकमेची मर्यादा, एका विद्यार्थ्याला सत्रात किती मागण्या, आणि विक्रेत्याशी वर्षभराचा सवलतीचा दर. स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांना वेगळा हिस्सा ठेवा, नाहीतर सगळी वही त्यांनीच भरेल. फोन आल्यावर पोरं खरंच धावत येतात. आणि वहीत कुणी काय मागितलं हे इतरांना दिसू देऊ नका. एखादी मुलगी आरोग्यावरचं किंवा कायद्याचं पुस्तक मागते तेव्हा तिच्या मागे रांगेत कोण उभं आहे याचा ती विचार करते. तिच्यासाठी फॉर्म बरा.

प्राचार्यांना योजना 'नको' असं सांगू नका, त्यांचा हेतू चांगला आहे. पंचवीस पुस्तकांचा हिशेब आणि यादीतली मराठी पुस्तकं मोजून काढलेला आकडा एका कागदावर त्यांच्यापुढे ठेवा. पुरवठादार यादीची फाइल द्यायला का-कू करत असेल तर बोलणी तिथेच थांबवा. फाइल मिळाली तर त्यातली नेमकी कुठली शीर्षकं ठेवावीत याबद्दल विचारा, विषयवार सांगता येईल.